नळीत अडकलेलं मेण

धाग्याला मेण लावायचं, एवढंच काम होतं. त्यापायी आमची अख्खी बिल्डिंग नाकाला ओले रुमाल लावून खाली उतरेल आणि सोसायटीच्या नियमांत माझ्या कृपेने एका पोटकलमाची भर पडेल, असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी गपचूप लोकरीचे मोजे विणायला घेतले असते. लोकरीला मेण लागत नाही.

मी माशा बांधते. हे वाक्य मी पहिल्यांदा समोरच्या झुंबरबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कडेवरच्या रेवाकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाळंतपणानंतर होतं काही जणींना असं. शतावरी घे." म्हणून नीट सांगते. थंड, डोंगरातल्या नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. तो पकडणारे हौशी लोक गळाला गांडूळ लावणं कमीपणाचं समजतात. त्यांना गळावर पीस, लव आणि धागा गुंडाळून केलेली खोटी माशी लागते. ती पाण्यावर अलगद पडली की माशाला वाटावं, ताट वाढलं. ही माशी हातानेच बांधावी लागते. माझी कॉलेजची मैत्रीण भाविका पालघरला राहते आणि असल्या हौशी मंडळींना सामान पुरवते. तिला बांधणारं माणूस हवं होतं. मला रेवाच्या झोपेत मावेल असं काम हवं होतं.

रेवा दहा महिन्यांची आहे. ती सकाळी एकदा झोपते आणि दुपारी एकदा. किती वेळ, हे तिने अजून कुणाला कळू दिलेलं नाही. ती व्हायच्या आधी मी तारापूरच्या एका कंपनीत लॅबमध्ये होते. पांढरा कोट होता, कोटावर नाव होतं. आता जिन्यात भेटणारं प्रत्येक माणूस मला रेवाची आई म्हणतं आणि मला ते ऐकताना दर वेळी आतून गोड वाटतं. तरीही ती झोपली की खिडकीशी घडीचं टेबल उघडायचं, टेबलाच्या कडेला छोटी पकड आवळायची, तिच्यात गळ लावायचा आणि तेवढ्यापुरतं हेमांगी व्हायचं, हे मला हवं होतं. फार हवं होतं. भाविकाने नमुना म्हणून डझनभर माशा मागितल्या होत्या, सगळ्या एकसारख्या. रविवारी ती स्वतः येऊन बघणार होती. पसंत पडल्या तर काम माझं. नाही पडल्या तर टेबलाच्या जागी वॉशिंग मशीन. निमेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, टेप लावून जागा मोजूनही ठेवली होती. तो माणूस चांगला आहे. त्याला फक्त मोकळा कोपरा बघवत नाही.

या कामातलं मुख्य हत्यार दिसायला अगदी किरकोळ असतं. त्याला बॉबिन म्हणतात, पण शिलाई मशीनमधली नव्हे. तारेचे दोन पाय, त्यांच्यात धाग्याचं रीळ, आणि वर बॉलपेनच्या रिफिलसारखी बारीक नळी. धागा त्या नळीतून बाहेर येतो आणि गळाभोवती गुंडाळला जातो. माशीचं अंग करायला धाग्यावर सशाची लव पिळायची असते. कोरड्या धाग्याला लव धरत नाही, म्हणून मेण. ज्या व्हिडिओवरून मी हे शिकले, त्यातले गृहस्थ दोन गोष्टी परत परत बजावतात. एक, मेण नळीबाहेरच्या दोन बोटं धाग्यालाच लावा आणि मेणाचा धागा मागे नळीत ओढू नका. दोन, उठताना नळी साफ करूनच उठा. त्यांचं अगदी बरोबर आहे. पण त्यांच्या व्हिडिओत मागून कुणी रडत नाही. माझी उठायची वेळ मी ठरवत नाही. रेवाने पाळण्यात नुसतं हूं केलं, की गळांचा डबा तेवढा कपाटावर ठेवायचा आणि बाकी सगळं जसंच्या तसं टाकून पळायचं. नळी साफ करणं रोज उद्यावर जायचं.

सुरुवातीला मी वीज गेल्यावर लावायची मेणबत्ती वापरली. धागा इतका गुळगुळीत झाला की लव त्यावरून घसरून उडाली आणि रेवाच्या नाकात गेली. दिवसभर पोर शिंकत होती. झुंबरबाई बघायला आल्या. पोरीला आणि धाग्यालाही.

"मेणबत्तीचं ते मेण का?" त्या म्हणाल्या. "अगं, माझ्या सासूबाई कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू टेकवायच्या. भर पावसात लावणी करून घरी यायच्या, पण कुंकू जागचं हलायचं नाही. त्याला म्हणतात मेण."

त्यांनी सासूबाईंची डबी आणून दिली. आत थोडं मेण होतं, कुंकू मिसळून गुलाबी झालेलं. मी डोळे मिटून लावलं आणि खरोखर, लव धरली. मी हरखून दोन माशा बांधल्या. संध्याकाळी निमेशने त्या उजेडात धरल्या. राखाडी सशाची लव पार गुलाबी झाली होती.

"या हळदीकुंकवाला चालल्यात का?" त्याने विचारलं.

मी त्याला दुसरी पोळी वाढली नाही.

इथे माझ्या सासूबाईंचा प्रवेश होतो, तोही फोनवरून. निमेशचे आईवडील पालघरजवळच्या माहीमला राहतात. बाबांचं नाव कमलाकांत. उभा जन्म त्यांनी होडीवर काढला. आता होडी धाकटे दीर बघतात आणि बाबा किनाऱ्यावर बसून दीर कसे चुकतात ते बघतात. रोज संध्याकाळी रेवाचं तोंड बघायला फोन येतो. त्या दिवशी मी ओघात म्हणाले, की आई, मेण काही धरत नाही.

"धरत नाय म्हंजे?" आई म्हणाल्या आणि फोन बाजूला करून मागे ओरडल्या, "अवो, हेमांगीचा मेण धरत नाय म्हनते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दारात. पिशवीत सुके बोंबील, दोन शहाळी, मासवणकडच्या कुणा ओळखीच्याकडून मिळवलेला पोळ्याच्या मेणाचा गोळा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली राळ.

"होडीच्या फळ्यांत फट ऱ्हाते ना, तिच्यात आमी कापूस ठासायचो," त्यांनी चहा घेता घेता समजावलं. "वरून राळ, मेण आनि तेल कढवून. मंग दर्या आत येत नाय. आता सगळ्या होड्या फायबरच्या. राळ कोन इचारतं? घरात पडून हाय. तुजा येवडासा धागा काय घेऊन बसलीस."

आता मला खरं म्हणजे ठाऊक असायला हवं होतं. लॅबमध्ये मी चिमूटभर पावडर चार वेळा तोलायचे. मी विचारलंसुद्धा, "बाबा, प्रमाण काय?"

"अंदाजानं," बाबा म्हणाले.

तो अंदाज होडीचा होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. दूध तापवायचं जुनं पातेलं निम्मं भरलं. मला हवं होतं वाटाण्याएवढं मेण, आणि बाबांनी केलं ते सातपाटीच्या खाडीत उभं राहिलेलं एखादं गलबत बुजेल एवढं. वर एरंडेल ओतलं. "ढवळत ऱ्हा," म्हणाले. मी ढवळत राहिलेही असते, पण रेवा रांगत पिशवीपाशी गेली आणि अख्खा बोंबील शेपटाकडून तोंडात घालायला लागली. मी तो काढून घेतला, तिने भोकाड पसरलं, बाबांनी तिला दुसरा बोंबील दिला, मी तोही काढून घेतला. तेवढ्यात राळेने धूर धरला.

बोईसर-तारापूरच्या लोकांना वासाचं एक वेगळंच ज्ञान असतं. इतर गावांत लोक वारा सुटला की हवा छान पडली म्हणतात. आमच्याकडे आधी वारा कुठून आला ते बघतात, मग खिडकी उघडायची की लावायची ते ठरवतात. त्यातून आमचे सचिव कृष्णकांतकाका. ते एका कारखान्याच्या सेफ्टी खात्यातून निवृत्त झाले, पण सेफ्टी खात्याला ते अजून कळलेलं नसावं, इतक्या निष्ठेने ते काम चालू ठेवतात. गच्चीवर त्यांनी वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी कापडी पिशवी बांधली आहे. वर्षातून दोनदा सगळ्यांना गोळा करून वायुगळती झाली तर काय करायचं याची तालीम घेतात. तालमीला बिल्डिंगमधली सगळी माणसं येतात, कारण शेवटी वडापाव असतो.

त्या सकाळी वडापाव नव्हता, पण शिट्टी वाजली. "खिडक्या बंद. रुमाल ओले. वारा पश्चिमेचा, सगळ्यांनी उत्तरेच्या गेटकडे." काका प्रत्येक दार वाजवत खाली येत होते. मी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण टाकलं, रेवाला उचललं, बाबांचं उपरणं नळाखाली धरून ते त्यांच्या नाकाला बांधलं आणि खाली पळाले. देवाशपथ सांगते, तोवर माझ्या डोक्यात आलंच नाही. आपला धूर आपल्याच स्वयंपाकघरात असतो, बाहेरचा वास कंपनीचा असतो, हे इथे राहून रक्तातच भिनलंय.

गेटपाशी जाणकार जमलेच होते.

"रंगाच्या कंपनीचा नव्हे हा," झुंबरबाई ओल्या पदराआडून म्हणाल्या. "रंगाचा आंबूस येतो. लगेच घशाला लागतो."

"औषधाचा असता तर सडक्या अंड्यासारखा असता," दुसरं कुणी म्हणालं.

तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी पोरं रात्रपाळी करून नुकतीच झोपली होती. त्यातला एक चादर पांघरूनच आला होता. "भाभी, ये अपने प्लांट का तो पक्का नहीं है," तो मला म्हणाला. "अपने वाले से आँख जलती है. ये तो मंदिर जैसा आ रहा है."

 मंदिरासारखा वास सोडणारी कंपनी एमआयडीसीच्या कुठल्या फेजमध्ये आहे, यावर चर्चा सुरू झाली. तेवढ्यात बाबांनी नाकावरचं उपरणं खाली ओढलं, दर्यावर ढग जोखावेत तसा एक मोठा श्वास घेतला आणि समाधानाने म्हणाले, "राळ हाय ही. आपलीच."

'आपलीच' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नसतं तरी चाललं असतं.

कृष्णकांतकाकांनी शिट्टी खिशात टाकली. एरवी ते मला पोरी म्हणतात. त्या दिवशी मॅडम म्हणाले, आणि तेवढ्यावरून मला कळलं की हे प्रकरण वाढणार. ज्यांचा मेंटेनन्स थकतो त्यांना ते मॅडम म्हणतात.

"मॅडम, आपण घरात कोणती प्रक्रिया करत होता?"

"मेण वितळवत होते."

"कशासाठी?"

"माशांसाठी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मागच्याच महिन्यात माशांसाठी सोसायटीने फवारणी केली, आणि तुम्ही घरात त्या बनवताय?"

मी समजावलं. रेवाला या कडेवरून त्या कडेवर घेत, नद्या, ट्राउट, सशाची लव, सगळं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि सांगितलं की राहत्या इमारतीत असा उद्योग करायचा तर कमिटीची परवानगी हवी, आणि परवानगीसाठी या वस्तू निरुपद्रवी आहेत असं कुठल्यातरी जबाबदार खात्याने म्हटलं पाहिजे.

ते खातं शोधण्यात माझ्या सकाळच्या दोन झोपा गेल्या. माझ्या नव्हे, रेवाच्या. एका कार्यालयात फोन केला तर म्हणाले, मासे आले म्हणजे मत्स्यव्यवसाय. तिथे विचारलं तर ते म्हणाले, मासा कुठाय यात, पीस आहे ना, मग पशुसंवर्धन. तिथल्या बाई फार प्रेमळ होत्या. त्यांनी विचारलं, "पक्षी जिवंत आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग आमच्याकडे उपचार नाहीत," त्या हळहळून म्हणाल्या आणि पाठीमागे रेवाचा आवाज ऐकून तिला दात आले का ते विचारलं. चार आले, म्हटलं. त्यांनी फोन ठेवण्याआधी वेखंड सांगितलं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ते मेण जबरदस्त होतं. पातेल्यात थंड झाल्यावर त्याचा मधाळ, घट्ट गोळा झाला. नखाएवढं धाग्याला पुसलं की लव अशी बसायची, की सशालाही आपलीच वाटावी. बाबा मुक्कामाला राहिले होते. ते माझ्या खांद्यावरून बघत आणि आईंना फोनवर बातमी देत, "धरला गं, धरला." मी भराभर बांधत सुटले. दोन बोटांचा नियम विसरले. धागा तुटला की मागे ओढायचा, परत मेण, परत ओढायचा. रेवा उठली की बॉबिन तशीच टाकून पळायचं.

शनिवारी दुपारी धागा पुढे येईना. ओढला तर तुटला. नळीत फुंकलं तर गाल दुखले. होडीच्या फटी बुजवायला केलेलं मेण आपलं काम चोख करत होतं. त्याला होडी आणि नळी यांतला फरक कुणी सांगितला नव्हता. पाच माशा अजून बांधायच्या होत्या आणि घरात दुसरी बॉबिन नव्हती. भाविकाकडे एक जास्तीची होती, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी परीक्षकाकडेच पेन मागायला कसं जायचं?

झुंबरबाई स्टोव्हची पिन घेऊन आल्या. घरातला स्टोव्ह भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली, पिन मात्र त्यांनी जपून ठेवली होती, कारण पिन चांगली होती. त्यांनी ती आत्मविश्वासाने नळीत खुपसली. टक्कन आवाज आला. त्यांच्या हातात पत्र्याची पट्टी राहिली. तार आत.

"अगदी नवी होती," त्या म्हणाल्या. पिनेबद्दल बोलत होत्या.

निमेशला सुट्टी होती. त्याचं मत होतं की कंपनीच्या टूलरूममध्ये नेऊन भोक मोठं करून आणावं. बाबांचं मत होतं की चुलीत धरावी. आवाज ऐकून कृष्णकांतकाका जिन्यातून वर आले आणि दारातूनच म्हणाले, "चुलीत काही धरायचं नाही. परवानगी नाही अजून." मग दारात उभं राहून चौघांची चर्चा सुरू झाली आणि मी प्रत्येकाला नको म्हणत होते. तेवढा वेळ रेवाला पुरला.

मागे वळले तर ती टेबलाचा पाय धरून उभी होती. एक हात मेणाच्या चिकट गोळ्यात खुपसून झाला होता आणि त्याच मुठीत तिने बॉबिन घट्ट धरली होती. माझ्याकडे बघून हसली. मी बॉबिन काढायला गेले. मूठ उघडेना. तिने स्वतः उघडून बघितली, तेव्हाही उघडेना. मग तिचा ओठ खाली वळला.

"रॉकेल," झुंबरबाई म्हणाल्या.

"बर्फ," निमेश म्हणाला.

"नखांचा रंग पुसायचं ते लाल पानी असतं ना तुमचं," बाबा म्हणाले. 

"कुणी काही लावायचं नाही," मी म्हणाले. "सगळे मागे व्हा."

मी इतक्या जोरात बोलले की काकांनीही एक पायरी खाली घेतली. त्या क्षणी मला भाविका आठवली नाही, रविवार आठवला नाही, वॉशिंग मशीन तर नाहीच. ती एवढीशी मूठ आणि तिच्यातून डोकावणारी लालबुंद करंगळी, एवढंच दिसत होतं. आणि का कोण जाणे, लॅबमधला माझाच आवाज कानात आला. ब्युरेट म्हणून एक काचेची नळी असते, तिचं तोंड फार बारीक. ते तुंबलं की नव्या आलेल्या मुली पिन घालायच्या आणि मी ओरडायचे, "ठोसू नका गं. जे अडकलंय ते कशात विरघळतं ते आधी बघा." राळ आणि मेण पाण्याचं ऐकत नाहीत. ती तेलाच्या माहेरची.

रेवाच्या आंघोळीचं खोबरेल खिडकीत होतं. वाटीत घेऊन कोमट केलं, तिला मांडीत घेतलं आणि मूठ वाटीत बुडवून हळूहळू चोळायला लागले. रोज अंग चोळते तसंच, तेच गाणं म्हणत, त्याच चालीत. निमेश समोर उकिडवा बसून तोंडाने पोपटाचे आवाज काढत होता. बाबा त्याहून वाईट आवाज काढत होते. आधी करंगळी सुटली. मग तिच्या शेजारची. मग अंगठा, जरा कुरकुरत. शेवटी तळहात उघडला, तेलाने चमकणारा, गुलाबी, धडधाकट, आणि बॉबिन वाटीत पडली. मी तो तळहात माझ्या गालाला लावला. गालाला लागलेलं मेण दोन दिवस गेलं नाही, पण त्याची तक्रार नाही.

बॉबिन मी वाटीतच राहू दिली. पोरीला आंघोळ घातली, पाजली, निजवलं.  मग वाटीत बघितलं तर नळीच्या तोंडाशी पिवळट मेणाची अळी बाहेर डोकावत होती. बाबांच्या खिशात तंगुशीचा तुकडा असतोच, जसं इतरांच्या खिशात पेन असतं. ती नायलॉनची दोरी दुहेरी करून मी नळीत सरकवली. मेणाचा दट्ट्या आणि त्याच्या पोटात झुंबरबाईंची पिन, दोन्ही एकदम बाहेर आले. मग दोरीच्या फासात सुती धागा अडकवून आतून पुसलं, गरम साबणाच्या पाण्यात खळबळवलं, कारण तेल राहिलं तर धागा मेण धरणार नाही, आणि पंख्याखाली वाळवलं. नवा धागा घातला. सर्र आला. मी मेणाचा वाटाण्याएवढा तुकडा तोडून घेतला आणि बाकीचा गोळा बाबांच्या पिशवीत परत घातला.

रविवारी भाविका आली तेव्हा नव्या दहाच झाल्या होत्या. डझन भरायला मी त्या दोन गुलाबी ठेवल्या, कडेला, जरा अंधारात.

भाविका मैत्रीण आहे, पण कामाच्या वेळी नाही. तिने एकेक माशी नखाने ओरबाडून बघितली, गळाचं डोळ्यासारखं भोक मेणाने भरलंय का ते उजेडात धरून पाहिलं, मग पाण्याच्या ग्लासात सोडली. मी रेवाला घट्ट धरून उभी होते. निमेश वॉशिंग मशीनच्या जागेवर उभा होता आणि, हे मला विसरायचं नाही, देवाकडे बघत होता.

"दहा पास," भाविका म्हणाली. "या दोन कुठल्या नदीच्या गं?"

"त्या नमुन्यात नाहीत," मी घाईने म्हणाले.

"धागा छान बसलाय तुझा. लव सुटत नाही. दर आठवड्याला हव्यात मला, आणि अशाच, सगळ्या बहिणी. जमेल?"

मी जमेल म्हणाले. कसं ते मला माहीत नव्हतं. रेवाच्या दोन झोपांत जेवढं मावतं तेवढंच मावतं.

बाबा तोवर ग्लासात तरंगणारी माशी बघत होते. "पोरी, हिच्यावर केवढा मासा येतो?"

भाविकाने हात पसरून दाखवला.

"बरा हाय. मंग त्याचं कालवण करतात का तळतात?"

"नाही काका, सोडून देतात."

"कुनाला?"

"माशाला. फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात."

बाबा खुर्चीत बसले. उभ्या आयुष्यात त्यांनी वादळं पाहिली आहेत, पण असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. "पकडायचा, बगायचा आनि सोडायचा," त्यांनी स्वतःशीच घोळवून पाहिलं. "आनि मंग तो मासा घरी जाऊन बाकीच्यांना सांगत नसंल?"

"सांगत असेल की. म्हणून तर सारख्या नव्या माशा लागतात."

बाबांनी ग्लासातली माशी आणखी एकदा निरखली. मग माझ्याकडे वळून, लग्नात आशीर्वाद दिला होता त्याच आवाजात म्हणाले, "हेमांगी, तुजं काम कदी संपायचं नाय."

सोमवारी दुपारी रेवा झोपल्यावर मी टेबल उघडलं. पकडीत गळ लावला, शेपटीचं पीस बांधलं, अंगाला लव चढवायला घेतली आणि बेल वाजली. कृष्णकांतकाका होते. कमिटीने परवानगी दिली होती. खात्याचा दाखला मिळत नसल्याने काकांनी स्वतःच पाहणी करून मत द्यावं असं ठरलं होतं, आणि नवं पोटकलम त्यांना पाठ होतं. ते त्यांनी दारात उभं राहून म्हणून दाखवलं. उष्णता नाही, धूर नाही, राळ नाही. थंड स्वरूपाचं हस्तकाम चालेल.

"आता पाहणी," ते म्हणाले.

मी बसले. ते मागे हात बांधून वाकून बघत राहिले. दोन बोटं धागा, त्यावर मेणाचा एक पुसटसा हात, त्यावर लव, आणि मग एकेक वेढा. काकांनी श्वास रोखून धरला होता. मला वाटतं, सवयीने.

नेमकं पीस गुंडाळताना आत पाळण्यातून हूं आलं. माझा हात आपोआप बॉबिन ठेवायला निघाला.

"थांब पोरी," काका म्हणाले. "प्रक्रिया अर्धवट टाकून जागा सोडायची नाही. तू पुरं कर."

चप्पल तर त्यांनी आधीच काढली होती. ते आत गेले. मी कान देऊन बसले, की आता रडेल, आता रडेल. रडली नाही. तिला खांद्यावर घेऊन ते बाहेर जिन्याच्या कठड्यापाशी गेले. दार उघडंच होतं.

"हे लाल दिसतंय ना, हे आग विझवायचं," त्यांचा आवाज आला. "याची पिन आपण काढायची नाही. कळलं?"

"हूं," रेवा म्हणाली.

मी पीस गुंडाळलं, डोक्याशी गाठ घातली, धागा कापला. हूं आलं की पळायचं, अशी पायांना इतकी सवय झाली होती की त्यांना समजावत बसावं लागलं. मग रिळावरचा धागा मागे काढून घेतला, तंगुशीचा फास नळीत सरकवला, आतून पुसून घेतलं आणि नळी डोळ्याला लावून उजेडाकडे धरली. पलीकडच्या टोकाला मोहरीएवढी, गोल, स्वच्छ खिडकी दिसत होती.

जिन्यात काकांचं रेवाला समजावणं आता पाण्याच्या टाकीपर्यंत आलं होतं. मी दुसरा गळ पकडीत लावला.